लॉर्ड ऑफ द रिंग्ज: द कार्ड गेम – आता सुरुवात करायची तर कुठून?

पानगळ

सहकारी पत्त्यांच्या खेळांमध्ये हा खेळ सगळ्यात जुन्यांपैकी एक. 2011 साली पहिला संच आला, त्यानंतर जवळपास दहा वर्षं दर थोड्या महिन्यांनी नवी पाकिटं येत राहिली. नऊ चक्रं (एका कथासूत्राने जोडलेल्या पाकिटांच्या मालिका), शिवाय मूळ कथेवरची वेगळी मालिका. 2022 मध्ये सुधारित कोअर सेट (सुरुवातीचा मूळ संच) आला आणि जुन्या मालाची नव्या खोक्यांत मांडणी सुरू झाली. नव्याने येणाऱ्याला प्रश्न पडतो तो हा: काय घ्यायचं, कोणत्या क्रमाने, आणि पहिले काही डाव कसे खेळायचे म्हणजे खेळ हातातून सुटणार नाही? एकट्याने आणि दोघांनी खेळणाऱ्यांना उपयोगी पडेल असं लिहा. जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

सह्यकडा

पहिली गोष्ट मनातून काढून टाका, ती म्हणजे उशीर झाल्याची. या खेळाचं शेवटचं अधिकृत नवं चक्र 'व्हेन्जन्स ऑफ मॉर्डोर', ते 2019 मध्ये सुरू झालं. त्यानंतर बाजारात आलं ते बहुतांशी जुन्याचंच नव्याने बांधलेलं. इथे स्पर्धा नाही, समोरचा खेळाडू नाही, त्यामुळे कुणाकडे जास्त पत्ते आहेत म्हणून तुम्ही हरत नाही. पाकिटात काय निघेल हाही नशिबाचा भाग नाही, प्रत्येक खोक्यात ठरलेलेच पत्ते असतात. संग्रह पूर्ण करायच्या नादात मात्र पडू नका. विकत घेताना 'पुढे कोणती क्वेस्ट (एका डावाची ठरलेली कामगिरी) खेळायची आहे' एवढंच विचारा.

आता खरेदी. सुधारित कोअर सेट घ्या, जुना 2011 चा घेऊ नका. जुना सेट सेकंडहँड स्वस्तात दिसतो, पण त्यात दोघांपुरतंच साहित्य आहे, थ्रेट (खेळाडूवरच्या धोक्याची पातळी) मोजायचे डायल दोनच, आणि महत्त्वाच्या पत्त्यांच्या प्रती अपुऱ्या. 'अनएक्स्पेक्टेड करेज'ची एकच प्रत, 'स्टुअर्ड ऑफ गॉन्डॉर' आणि 'अ टेस्ट ऑफ विल'च्या दोन-दोन. सुधारित सेटमध्ये खेळाडूंच्या पत्त्यांच्या तीन-तीन प्रती मिळतात आणि साहित्य चौघांना पुरतं.

प्रतींनी काय फरक पडतो ते आकड्यांत पाहा. डेक 50 पत्त्यांचा, सुरुवातीचा हात 6 पत्त्यांचा. एखाद्या पत्त्याची एकच प्रत असेल तर तो पहिल्या हातात येण्याची शक्यता 12 टक्के. तीन प्रती असतील तर सुमारे 32 टक्के. हात एकदा पूर्ण बदलून घेता येतो, तो बदल धरला तर तीन प्रतींची शक्यता 54 टक्क्यांवर जाते. म्हणजे डेकचा कणा ठरणारा पत्ता निम्म्याहून जास्त डावांत पहिल्या फेरीलाच हातात.

शांतरंग

वरच्या प्रतिसादाशी सहमत. नियमांबद्दल लिहितो, कारण सोडून जाणारे बहुतेक नवे खेळाडू नियम चुकवल्यामुळे जातात. खेळ आधीच कठीण आहे, त्यात दोन नियम चुकले की अशक्य होतो.

फेरीत सात टप्पे: रिसोर्स, प्लॅनिंग, क्वेस्ट, ट्रॅव्हल, एन्काउंटर, कॉम्बॅट, रिफ्रेश. हा क्रम कागदावर लिहून समोर ठेवा. हमखास चुकणाऱ्या जागा या:

क्वेस्टला पाठवलेलं पात्र आडवं होतं, म्हणजे पत्ता आडवा ठेवून ते वापरून झालं असं धरायचं. ते त्या फेरीत ना बचाव करू शकत ना हल्ला, कशाने तरी ते पुन्हा उभं झालं तरच. नवे खेळाडू सगळ्यांना क्वेस्टला पाठवतात आणि मग शत्रूसमोर कुणी उरत नाही.

क्वेस्टला पाठवलेल्या पात्रांची एकूण विलपॉवर (क्वेस्ट पुढे नेण्याची ताकद) आणि स्टेजिंग एरियातल्या (उघडलेले शत्रू आणि लोकेशन जिथे थांबतात त्या जागेतल्या) पत्त्यांवरचा एकूण थ्रेट सारखा आला तर काहीच होत नाही. प्रगतीही नाही, दंडही नाही. विलपॉवर कमी पडली तर जितका फरक तितका आपला थ्रेट वाढतो.

आपण ज्या लोकेशनवर प्रवास करतो त्याचा थ्रेट स्टेजिंगमधून निघून जातो. प्रगतीचे टोकन आधी त्या लोकेशनवर पडतात, ते पूर्ण झाल्यावर उरलेले क्वेस्टवर. क्वेस्टचा एक टप्पा पूर्ण होऊन उरलेले टोकन मात्र पुढच्या टप्प्यावर जात नाहीत.

बचाव केला नाही तर सगळं नुकसान एकाच हीरोवर (आपल्या तीन मुख्य पात्रांपैकी एकावर), त्याचा डिफेन्स न वजा करता. ते अलायवर (हातातून खेळलेल्या साथीदारावर) टाकता येत नाही.

अनेकांनी मिळून हल्ला केला तर अटॅकची बेरीज करून शत्रूचा डिफेन्स एकदाच वजा करायचा.

पत्त्यावर 'डूम्ड 2' लिहिलं असेल तर प्रत्येक खेळाडूचा थ्रेट 2 ने वाढतो, फक्त पहिल्याचा नाही.

आणि रिफ्रेशमध्ये प्रत्येकाचा थ्रेट 1 ने वाढतो. हे विसरलं की खेळ उगाच सोपा होतो. थ्रेट 50 झाला की तो खेळाडू बाद.

तिसरी_घंटा

शांतरंग यांच्या यादीला एक पुरवणी: अटॅचमेंट (पात्राला जोडायचे पत्ते) दुसऱ्या खेळाडूच्या हीरोलाही लावता येतात. पत्त्यावर मनाई नसेल तर. दोघे खेळताना माझी पानं माझ्या हीरोंना, तुझी तुझ्या हीरोंना असं धरून बसलं तर सहकाराचा अर्धा फायदा जातो. ज्याच्याकडे क्वेस्ट करणारा हीरो आहे त्याला विलपॉवरचे पत्ते द्या, मग ते कुणाच्याही डेकमधून येवोत.

मुळाक्षर

डेक कसा बांधावा, यावर कुणी लिहील का? चारही स्फिअर (पत्त्यांचे गट) थोडे थोडे घेतले तर सगळंच करता येईल असं वाटतं. तसं केलं तर काय बिघडतं?

सह्यकडा

पैशांचा मेळ बसत नाही, ते बिघडतं. प्रत्येक हीरोला फेरीला एकच रिसोर्स (पत्ता खेळायचे पैसे) मिळतो आणि पत्ता खेळायला त्याच स्फिअरच्या हीरोचे रिसोर्स लागतात. तीन हीरो तीन स्फिअरचे असतील तर 3 किमतीच्या पत्त्यासाठी त्या एका हीरोने तीन फेऱ्या साठवायचं. तोपर्यंत हातात पाच-सहा पत्ते पडून राहतात आणि टेबलावर कुणी नाही. म्हणून पहिल्या डेकला दोनच स्फिअर, एकाचे दोन हीरो आणि दुसऱ्याचा एक. ज्या स्फिअरचा हीरो एकटा आहे त्याचे पत्ते शक्यतो 1-2 किमतीचे.

फक्त सुधारित कोअर सेटमधून बांधता येणारा, एकट्यालाही चालणारा डेक देतो. लीडरशिप आणि स्पिरिट.

हीरो: अरागॉर्न (थ्रेट 12), थेओड्रेड (8), इओविन (9). सुरुवातीचा थ्रेट 29.

अलाय: गॅन्डाल्फ, गार्ड ऑफ द सिटाडेल, स्नोबॉर्न स्काउट, फारामिर, सन ऑफ आर्नॉर, सिल्व्हरलोड आर्चर, नॉर्दर्न ट्रॅकर, वॉन्डरिंग टूक. प्रत्येकी तीन, एकूण 24.

अटॅचमेंट: स्टुअर्ड ऑफ गॉन्डॉर 3, सेलेब्रिअन्स स्टोन 3, अनएक्स्पेक्टेड करेज 3, फेव्हर ऑफ द लेडी 2. एकूण 11.

इव्हेन्ट (एकदा खेळून टाकायचे पत्ते): स्नीक अटॅक, अ टेस्ट ऑफ विल, हेस्टी स्ट्रोक, गलाध्रिम्स ग्रीटिंग, व्हॅलियन्ट सॅक्रिफाइस. प्रत्येकी तीन, एकूण 15.

झाले 50. नॉर्दर्न ट्रॅकर 4 किमतीचा आहे आणि स्पिरिटची हीरो एकटी इओविन, मग मी वर सांगितलेला नियम मोडला का? त्यासाठीच सेलेब्रिअन्स स्टोन. तो अरागॉर्नला लावला की त्याला 2 विलपॉवर मिळते आणि स्पिरिटचं चिन्हही. त्यात स्टुअर्ड ऑफ गॉन्डॉर त्याच्याकडेच असेल तर ट्रॅकरचे पैसे एकटा अरागॉर्न भरू शकतो.

पहिल्या फेरीत स्टुअर्ड हातात असेल तर काय होतं ते पाहा. पत्त्याची किंमत 2. अरागॉर्न आणि थेओड्रेड यांचा एक-एक रिसोर्स घालून तो अरागॉर्नला लावायचा. लावल्याबरोबर तो आडवा करून 2 रिसोर्स घ्यायचे, आणि त्यातून गार्ड ऑफ द सिटाडेल त्याच प्लॅनिंगमध्ये खाली. मग क्वेस्टला इओविन आणि गार्डबरोबर थेओड्रेड आणि अरागॉर्न यांनाही पाठवायचं. थेओड्रेड क्वेस्टवर असलेल्या एका हीरोला 1 रिसोर्स देतो, तो अरागॉर्नला द्यायचा. अरागॉर्न तो खर्चून पुन्हा उभा राहतो. क्वेस्टही झाली, बचावालाही माणूस आहे. इओविनचे 4, अरागॉर्नचे 2, थेओड्रेडचा 1, गार्डचा 1 मिळून पहिल्याच फेरीला 8 विलपॉवर.

हात बदलायचा की नाही हेही यावरूनच ठरवा. पहिल्या हातात स्टुअर्ड नाही आणि 1-2 किमतीचा अलायही नाही, तर बदला. गॅन्डाल्फ आणि स्नीक अटॅक दोन्ही असतील तर तो हात ठेवा.

पानगळ

गॅन्डाल्फ आणि स्नीक अटॅकची जोडी इतकी का गाजलेली?

तिसरी_घंटा

कोअर सेटमधला गॅन्डाल्फ 5 किमतीचा, चारही आकडे 4. खाली येताना तीनपैकी एक काम करतो: 3 पत्ते ओढणं, एका शत्रूला 4 नुकसान, किंवा थ्रेट 5 ने कमी. फेरीच्या शेवटी तो निघून जातो. स्नीक अटॅक 1 किमतीचा. हातातला अलाय टेबलावर आणतो आणि टप्पा संपला की परत हातात घेतो. म्हणजे 5 ऐवजी 1 रिसोर्समध्ये गॅन्डाल्फचं काम झालं आणि पत्ताही हातातच राहिला. पुढच्या वेळी पूर्ण किंमत देऊन खेळायला मोकळा.

शांतरंग

आता क्वेस्टबद्दल. कोअरमध्ये तीन आहेत आणि त्यांची काठिण्यपातळी सरळ चढत नाही, एकदम उडी मारते.

'पॅसेज थ्रू मर्कवुड' शिकण्यासाठी. सुरुवातीला स्टेजिंगमध्ये फॉरेस्ट स्पायडर (थ्रेट 2) आणि ओल्ड फॉरेस्ट रोड (थ्रेट 1). स्पायडरची एंगेजमेंट कॉस्ट (आपला थ्रेट इतका झाला की शत्रू अंगावर येतो तो आकडा) 25, तुमचा थ्रेट 29, म्हणजे तो पहिल्याच फेरीत अंगावर येणार. आल्या फेरीला त्याचा अटॅक 1 ने वाढून 3 होतो. अरागॉर्नने बचाव केला तर डिफेन्स 2 वजा जाऊन 1 नुकसान. परवडतं. आणि ओल्ड फॉरेस्ट रोडवर प्रवास केला की पहिला खेळाडू एक पात्र उभं करू शकतो, ते हल्ल्याला वापरा. शेवटच्या टप्प्याला दोन वाटा आहेत, कोणती लागेल ते नशिबावर. त्यातल्या एकीवर अंगोलिअन्ट्स स्पॉन मारल्याशिवाय सुटका नाही. त्याचे हिट पॉइंट (किती नुकसान सोसतो तो आकडा) 9, अटॅक 5. तिथे पोचेपर्यंत चार-पाच अलाय टेबलावर असायला हवेत. म्हणून दुसरा टप्पा घाईने पूर्ण करू नका. तो 2 टोकनचाच आहे, नकळत पूर्ण होऊन जातो.

'जर्नी अलाँग द अँडुइन'मध्ये खरा खेळ कळतो. सुरुवातीलाच समोर हिल ट्रोल. अटॅक 6, डिफेन्स 3, हिट पॉइंट 9, एंगेजमेंट कॉस्ट 30. तो जिवंत असेपर्यंत पहिल्या टप्प्यातून पुढे जाता येत नाही.

इथे 29 आणि 30 मधलं अंतर लक्षात घ्या. तुमचा थ्रेट 29 असेल तर पहिल्या फेरीत ट्रोल येत नाही. रिफ्रेशला थ्रेट 30 होतो, आणि दुसऱ्या फेरीत तो अंगावर. त्याआधी क्वेस्टला विलपॉवर 1 ने जरी कमी पडली तरी पहिल्याच फेरीत येतो. वरच्या डेकने खेळताना पहिल्या फेरीला क्वेस्ट हरायची नाही, बरोबरी चालेल.

बरेच जण 1 हिट पॉइंटचा स्काउट पुढे करून वेळ मारून नेतात. ट्रोलपुढे ही युक्ती महागात पडते. त्याच्या पत्त्यावर लिहिलेलं आहे की बचाव करणाऱ्याच्या हिट पॉइंटपेक्षा जास्त झालेलं नुकसान तुमच्या थ्रेटमध्ये जमा होतं. स्काउटचा डिफेन्स 1, म्हणजे नुकसान 5, त्यातलं 1 स्काउटवर आणि 4 थ्रेटवर. दोन फेऱ्या असं केलं तर 8 थ्रेट गेला आणि दोन अलायही. फारामिरने बचाव केला (डिफेन्स 2, हिट पॉइंट 3) तर थ्रेट फक्त 1 ने वाढतो, पण फारामिर जातो, आणि त्याची गरज पुढे फार असते.

योग्य मार्ग म्हणजे ट्रोलला स्टेजिंगमध्येच बसवून ठेवायचं. तिथे त्याचा थ्रेट अवघा 1 आहे, म्हणजे फेरीला 1 विलपॉवर इतकंच त्याचं भाडं. गलाध्रिम्स ग्रीटिंगने थ्रेट 6 ने खाली आणा आणि तेवढ्या फेऱ्यांत माणसं जमवा. तयारी झाली की एन्काउंटर टप्प्यात स्वतःहून त्याला अंगावर घ्या. मग कॉम्बॅटमध्ये स्नीक अटॅकने गॅन्डाल्फ: 4 नुकसान, उरले 5. गॅन्डाल्फचा अटॅक 4, अरागॉर्नचा 3, गार्ड ऑफ द सिटाडेलचा 1, बेरीज 8, डिफेन्स 3 वजा करून 5. एका फेरीत ट्रोल संपला. बेरीज 1 ने जरी कमी पडली तर तो 1 हिट पॉइंटवर जिवंत राहतो आणि पुढच्या फेरीला पुन्हा 6 चा फटका देतो, म्हणून अंगावर घेण्याआधी बेरीज करा. गार्डला त्या फेरीत क्वेस्टला पाठवायचं नाही, हेही आधीच ठरवावं लागतं.

दुसऱ्या टप्प्यात नदीवर एंगेजमेंट तपासणी होत नाही, शत्रू आपण बोलावल्याशिवाय येत नाहीत, पण दर फेरीला एक पत्ता जास्त उघडतो. इथे अनेक जण निवांत होतात आणि स्टेजिंग भरू देतात. तिसऱ्या टप्प्याला किनाऱ्यावर सगळे एकदम अंगावर येतात. नदीवर असतानाच दर फेरीला एकेक शत्रू बोलावून मारत राहा.

मुळाक्षर

आणि तिसरी, 'एस्केप फ्रॉम डोल गुल्डुर'? एकट्याने खेळून जिंकता येते का?

सह्यकडा

एकट्याने, फक्त कोअरच्या पत्त्यांवर, सुरुवातीला तिच्या वाटेला जाऊ नका. सुरुवातीलाच एक हीरो चिठ्ठी टाकल्यासारखा कैदेत जातो. चौघांत बारा हीरोंपैकी एक गेला तर निभावतं, एकट्याचे तीनपैकी दोनच उरतात, म्हणजे रिसोर्सही दोनच. वर पहिल्या टप्प्यावर सगळ्यांनी मिळून फेरीला एकच अलाय खेळता येतो. इओविन कैदेत गेली की सेलेब्रिअन्स स्टोन मिळेपर्यंत स्पिरिटचे सगळे पत्ते हातात अडकतात. ही क्वेस्ट दोन डेक घेऊन खेळा. एकट्यानेही दोन हात चालवता येतात, वेळ जास्त लागतो इतकंच.

तिसरी_घंटा

इथे माझं मत थोडं वेगळं आहे. डोल गुल्डुरला अडून न राहता सरळ 'डार्क ऑफ मर्कवुड' घ्यावं. त्यात 'द ओथ' आणि 'द केव्ह्ज ऑफ निबिन-डूम' या दोन क्वेस्ट आहेत, पूर्वी मर्यादित आवृत्तीच्या संचात होत्या त्या. कोअरच्या तीन क्वेस्टशी जोडून पाच भागांची मोहीम होते. दोन्ही नवख्यांसाठी बेताच्या आहेत आणि शिकण्याची चढण सौम्य होते.

त्यानंतर स्टार्टर डेक. चार आहेत: ड्वार्व्ह्ज ऑफ ड्युरिन, एल्व्ह्ज ऑफ लोरिएन, डिफेन्डर्स ऑफ गॉन्डॉर, रायडर्स ऑफ रोहान. प्रत्येकात खेळायला तयार डेक मिळतो. चारही घेण्याची गरज नाही. दोघे खेळत असाल तर ड्वार्व्ह्ज आणि दुसरा कोणताही. ड्वार्व्ह्जचा डेक एका टोळीवर बांधलेला आहे, बुटके एकमेकांना बळ देतात, त्यामुळे नव्या माणसाच्या हातातही तो चालतो.

सह्यकडा

खरेदीच्या क्रमावर सहमत, फक्त मध्ये 'द फेलोशिप ऑफ द रिंग'चा सागा संच (मूळ कथेवरच्या मालिकेतला) घालतो. कथेच्या क्रमाने मोहीम, आणि पहिल्या खेळाडूच्या ताब्यात फ्रोडो हा जादा हीरो. त्याचा थ्रेट 0, म्हणून सुरुवातीला भार वाढत नाही. मोहिमेत एकच जपायचं, हीरो मधेच बदलला तर कायमचा थ्रेटचा दंड बसतो. म्हणून पहिल्या भागाआधीच तीन हीरो नक्की करा आणि डेकमधले बाकी पत्ते हवे तितके बदला, त्याला दंड नाही.

हीरो एक्स्पान्शन आणि कॅम्पेन एक्स्पान्शन यांत गल्लत करू नका. 'अँगमार अवेकन्ड', 'ड्रीम-चेझर' आणि 'एरेड मिथ्रिन' यांची दोन-दोन खोकी आहेत. हीरो खोक्यात खेळाडूंचे पत्ते, कॅम्पेन खोक्यात क्वेस्ट. नुसतं हीरो खोकं घेतलं तर खेळायला नवं काही नाही.

जुन्या सुट्या पाकिटांसाठी लोक मागतील ती किंमत देऊ नका. त्यातला एखादा पत्ता हवाच असेल तर मजकूर छापून स्लीव्हमध्ये (पत्त्यावर चढवायच्या प्लास्टिकच्या पाकिटात) साध्या पत्त्यापुढे सरकवा, घरच्या खेळाला काही फरक पडत नाही.

शांतरंग

डेक शोधायला रिंग्जडीबी ही साइट वापरा. आधी 'माझा संग्रह' मध्ये आपल्याकडची खोकी नोंदवा. नाही तर आवडलेल्या डेकमधले वीस पत्ते आपल्याकडे नाहीत हे उशिरा कळतं. नव्या खोक्यांत तेच पत्ते वेगळ्या क्रमांकाने आले आहेत, म्हणून शोधताना क्रमांकावर न जाता नावावर आणि स्फिअरवर जा. एकाच नावाचे हीरो वेगवेगळ्या स्फिअरचे आहेत, अरागॉर्नच बघा. आणि 2019 मध्ये आलेला मिळत्याजुळत्या नावाचा संगणकावरचा पत्त्यांचा खेळ वेगळा आहे, त्याचे नियम इथे लागू होत नाहीत.

पानगळ

सगळ्यांचे आभार. स्लीव्ह आणि साठवणीबद्दल कुणी सांगेल का? कोकणातल्या पावसाळ्यात पत्ते वाकतात.

तिसरी_घंटा

स्लीव्ह 63.5 बाय 88 मिलिमीटरचे, नेहमीच्या कार्ड गेमचा आकार. खेळाडूंच्या पत्त्यांना आधी घाला, कारण ते दर डावाला पिसले जातात. एन्काउंटरच्या (शत्रू, लोकेशन वगैरेंच्या) पत्त्यांना वेगळ्या रंगाची पाठ असलेले. पावसात खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पत्ते उभे, दाबून भरा. सैल राहिले की वाकतात.

एन्काउंटरचे पत्ते क्वेस्टच्या नावाने एकत्र बांधू नका. पत्त्यावर त्याच्या गटाचं छोटं चिन्ह असतं आणि एकच गट अनेक क्वेस्टमध्ये लागतो. 'डोल गुल्डुर ऑर्क्स' हा गट मर्कवुडमध्ये येतो आणि पुढेही. चिन्हाप्रमाणे वेगळ्या गड्ड्या करून मध्ये जाड कागदाच्या पट्ट्या घाला, पट्टीवर गटाचं नाव आणि पत्त्यांची संख्या लिहा. डाव संपला की लगेच वेगळे करा आणि संख्या जुळवा. एक पत्ता चुकीच्या गड्डीत राहिला तर पुढच्या क्वेस्टची काठिण्यपातळी बदलते आणि कारण कळत नाही.